हात लावेपर्यंत चालत होता

"तू हात लावेपर्यंत चालत होता," वाळुंज आण्णा म्हणाले. "सकाळी पोरीनं ह्याच्यावरच अंघोळ केली. आणि आता म्हणतोस, पेटवू नका?"

मी बाथरूमच्या दारात उभा होतो. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. इरफान आत स्टुलावर चढून गिझरचं झाकण छातीशी धरून होता. गॅसवर चालणारा, भिंतीला टांगलेला गिझर. नळ सोडला की आत जाळ पेटतो, वरची तांब्याची कॉइल तापते आणि खाली कढत पाणी येतं. झाकण निघालं तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे नुसतं पाहिलं होतं. कॉइलच्या पट्ट्यांमधल्या फटी काजळीनं गच्च बुजल्या होत्या, सुई शिरायला जागा नव्हती. जाळ निळा हवा तो पिवळाधमक, लांबच लांब, शेंड्याला धूर सोडणारा.

"आण्णा, हात लावल्यानं काजळी धरत नाही," मी म्हणालो.

"मला शिकवतोस? एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उतरवली आहेत मी. नुसत्या आवाजावरून सांगायचो काय गेलंय ते. हा गिझर मी स्वतः बसवलाय. ते ब्रॅकेट बघ, माझ्या हातचं वेल्डिंग आहे. हललंय का तसूभर?"

ब्रॅकेट खरोखरच फर्मास होतं. मी तसं म्हणालोही. त्याचा उलटाच परिणाम झाला.

"मग तुमच्यात अक्कल नाही असंच ना? आले, उघडलं, काहीतरी मोडलं, आणि आता गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायला बघताय."

आमच्या धंद्यात हे रोजचंच होतं. नाशिकला दिवाळी सरली की थंडी कडाक्याची पडते आणि घुगे-तांबोळी गॅस सर्व्हिसचा फोन खणखणायला लागतो. डॉक्टरनं छातीला नळी लावली म्हणून छाती बिघडली, असं कोणी म्हणत नाही. आम्ही झाकण काढून आतलं दाखवलं की मात्र ते आम्हीच केलेलं असतं. बोलणी खायची, हसून सोडून द्यायची, काम करून बाहेर पडायचं. इरफान आणि मी आयटीआयपासूनचे जोडीदार. त्याला ते हसून सोडून देणं कधी जमलं नाही.

तो स्टुलावरून खाली उतरला. "आण्णा, सरळ सांगतो. ही काजळी आजची नाही."

"आजची नाही? मग कधीची?"

"जुनी आहे."

"जुनी म्हणजे कधीची? बोल ना. कधीची?"

"दोन थंड्या तरी—"

"ए, गप!"

आण्णा एवढ्या जोरानं ओरडले की आतल्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं. त्यांनी वाकून आमची हत्यारांची पिशवी उचलली, पुढच्या खोलीत नेली, दाराला कडी लावली आणि दारापुढे खुर्ची ओढून पिशवी मांडीवर घेऊन बसले.

"जसा होता तसा करून द्या. तोवर कोणी बाहेर जायचं नाही. पोलीस बोलवायचे तर मी बोलवतो."

सत्तरीच्या आतबाहेरचा माणूस. अंगात बनियन, हातांच्या शिरा दोरखंडासारख्या. खुर्चीच्या मागे भिंतीवर एका बाईंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. ठसठशीत कुंकू, हसरा चेहरा. मी तो पाहिला आणि विसरलो. तेव्हा मला त्या पिशवीची काळजी होती.

"पिशवी द्या आण्णा," इरफान म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता, आणि तसा तो आला की मला भीती वाटायची. "आम्ही चोर नाही."

"चोरच आहात. माझ्याच घरात उभं राहून माझ्यावर आळ घेता."

"आळ कोणी घेतला? गिझर बिघडलाय एवढंच म्हणतोय आम्ही. तुमचं नाव तरी घेतलं का?"

पिशवीचा पट्टा आण्णांनी मुठीभोवती गुंडाळला.

मी इरफानला मागे ओढलं आणि समजुतीच्या सुरात सुरुवात केली. म्हटलं, गॅसचा पाइप काढून ठेवतो, गिझर दुकानात नेतो, तपासतो, मग बोलू. ते म्हणाले, माझा माल माझ्या घरातून हलणार नाही. मी म्हटलं, निदान पेटवू तरी नका. ते म्हणाले, तुम्ही जिना उतरायच्या आत पेटवणार, बघायचंय? उठलेसुद्धा. मला त्यांच्या आणि बाथरूमच्या मध्ये उभं राहावं लागलं. त्यांनी माझ्या छातीला हात लावून मला ढकललं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"दादा, पाणी घेता का?"

त्यांची मुलगी हर्षदा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सर्व्हिसिंगसाठी फोन तिनंच केला होता, पाणी नीट तापत नाही म्हणून. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, खांद्यावर महिनाभराचं बाळ. इरफानला बाथरूमपुढे उभं करून मी आत गेलो. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि दार अर्धं लोटून घेतलं.

"कितपत वाईट आहे?"

"ताई, तो पेटवायचा नाही."

"ते ऐकलं मी. का, ते सांगा."

"आतला जाळ अर्धवट जळतो. त्यातून विषारी वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. कोणाला कळत नाही. बाथरूमच्या झरोक्याला काच बसवून तो पॅक केलाय, त्यामुळे वायू बाहेर जायला वाट नाही. माणसाला आधी गुंगी येते, मग..."

"मग?"

मी उलट विचारलं, "तुम्हाला त्रास होतो का? अंघोळ झाल्यावर?"

"डोकं धरतं. परवा चक्कर आली, भिंतीला धरून बाहेर आले. मावशी म्हणाली, बाळंतिणीचा अशक्तपणा आहे." मग तिनं बाळाच्या पाठीवर हात ठेवला. "आणि ही अंघोळीनंतर उठतच नाही. सगळे म्हणतात, गुणाची आहे."

"हिची अंघोळ पण तिथेच?"

"दार लावून. वारं लागू नये म्हणून."

मी तांब्या खाली ठेवला.

"काच कोणी बसवली?" मी विचारलं. उगाच विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"आण्णांनीच. आईला थंडी सोसायची नाही. जन्मभर चुलीवर पाणी तापवून बादल्या वाहिल्या तिनं. आण्णा रिटायर झाले आणि एका रविवारी बसून त्यांनी गिझर लावला, झरोका बंद केला. आई गल्लीभर सांगत होती, आमच्या ह्यांनी बघा कसं केलंय."

"आणि आण्णा?"

"ते गार पाण्यानं करतात. डेपोची सवय." पुढचं वाक्य तिनं बाळाच्या डोक्याकडे बघत म्हटलं. "आई आतच गेली. मागच्या संक्रांतीच्या आधी. केस धुवायला गेली होती. खूप वेळ झाला म्हणून आण्णांनी दार फोडलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. बीपी होतंच तिला."

बाहेर इरफान आणि आण्णांची परत जुंपली होती. "कधीची ते सांग!" आण्णा ओरडत होते. "सांगतोच की!" इरफानही चढला होता.

हर्षदा रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिचा चेहरा रागानं ताठरला. तो राग कोणावर काढायचा ते तिलाही कळत नसावं, कारण तो माझ्यावर आला.

"उघडलंत कशाला तुम्ही ते? पाणी तापत नव्हतं, तेवढं करून जायचं होतं. सगळं उघडून बघायला कोणी सांगितलं होतं?"

"ताई, उघडलं नसतं तर उद्या तुम्ही—"

"कळतंय मला! मला कळत नाही असं वाटतं का?" ती दातओठ खात, हळू आवाजात बोलत होती. "आई गेली. आता बापाला पण न्यायला आलात का? त्या माणसाला कळलं ना, की त्यानं स्वतःच्या हातानं... तो पुढच्या खोलीतल्या पंख्याला लटकेल. ओळखते मी त्याला."

ती एक पाऊल जवळ आली.

"बाहेर जा आणि सांगा, तुमच्या हातून मोडला."

"काय?"

"आज मोडला. तुम्ही मोडला. आधी चांगला होता."

"ताई, आमचा धंदा आहे. जोडीदार आहे माझा. ह्या कॉलनीत आमची सत्तर घरं—"

"मग जा, सांगा खरं. जा. मी अडवत नाही."

असं म्हणून तिनं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला सरकून उभी राहिली. दारातून समोर आण्णा दिसत होते. खुर्चीवर, पिशवी पोटाशी धरून. मागे तो फोटो.

मी फार थोर विचार केला असं नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात लख्ख आली. गिझर जुनाच बिघडलेला आहे असं म्हणत राहिलो, तर हा माणूस तो भिंतीवरून हलू देणार नाही. उलट तो ठणठणीत आहे हे दाखवायला आजच पेटवेल, स्वतःच्या मुलीला अंघोळीला बसवेल. आम्ही मोडला म्हटलं, तर मोडकं सामान उचलून न्यायचा हक्क आमचा.

मी बाहेर आलो. "इरफान, थांब. आण्णा, चूक माझी आहे."

दोघेही माझ्याकडे वळले.

"झाकण काढताना माझा पान्हा निसटला. कॉइलवर बसला. चीर गेली तिला, पाणी जाळावर गळतंय. म्हणून धूर होतोय. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही."

इरफाननं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याच्या ओळखीचाच नाही. "भास्कर, काय बोलतोयस?"

"तू गप बस."

आण्णा सावकाश उठले. पिशवी खुर्चीवर ठेवली. माझ्या अगदी जवळ आले.

"म्हणजे आधी चांगला होता?"

"हो."

"नीट बोल. तू यायच्या आधी कसा होता?"

"एकदम चांगला होता, आण्णा. काही खराबी नव्हती."

त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. म्हातारा हात, पण लोखंडाशी झगडलेला. डोळ्यांपुढे अंधारी आली. इरफान धावला, मी त्याला मिठी मारून अडवलं. आण्णा मागे फिरले, कडी काढून बाहेर गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून खालच्या-वरच्या मजल्यांना ऐकू जाईल असे ओरडले.

"ऐका! कबूल केलंय यांनी! चांगला गिझर मोडला माझा, आणि मला खोटं पाडत होते!"

दारं उघडली. लोक गॅलऱ्यांमध्ये आले. कोणीतरी म्हणालं, यांना सोडू नका. दुसरा म्हणाला, आमच्याकडे पण हेच येतात. इरफानची मान खाली गेली. त्याला इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात बाथरूममधून काच फुटल्याचा आवाज आला. एकदा, मग परत, मग परत. आम्ही सगळे आत धावलो. हर्षदा स्टुलावर चढली होती. बाळ आतल्या खाटेवर ठेवून आलेली असावी. हातात खलबत्त्यातला बत्ता होता आणि झरोक्याची काच फरशीवर पडली होती. बाहेरचं गार वारं सरळ आत येत होतं.

"कोंदट होत होतं," ती वडिलांकडे न बघता म्हणाली.

एवढं ओरडणारा माणूस, पण आण्णा त्या काचेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते फक्त बाजूला झाले आणि आम्हाला गिझर उतरवू दिला.

खाली टेम्पोत गिझर ठेवल्यावर इरफान बोलला.

"कुठं चीर गेली? मी स्टुलावर होतो, तू दारात होतास. पान्हा माझ्या हातात होता."

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. गाडी चालू केली नाही.

"मला विचारलंस का?"

"वेळ नव्हता."

"अर्धं नाव माझं आहे पाटीवर. त्या बाईचं वाईट झालं, म्हाताऱ्याचं वाईट झालं, मान्य. पण उद्या याच कॉलनीत दुसरं कोणी बाथरूममध्ये गेलं, तर बोट आपल्याकडे येईल. हेच ते, चांगले गिझर मोडणारे. काय सांगशील तेव्हा? परत म्हणशील, हो, चूक माझी?"

मी गिझर दोरीनं बांधायला घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे विजेवर चालणारा नवा गिझर बसवून आलो. दार हर्षदानं उघडलं, काम झाल्यावर तिनंच लावलं. पुढे ती बाळाला घेऊन सासरी गेली, आणि मला परत कधी भेटली नाही. कॉलनीतली कामं एकेक करून सुटली. आण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले, आणि जगले तोवर त्यांनी आम्हाला सोडलं नाही. लग्नात, दवाखान्यात, दूध केंद्राच्या रांगेत, जिथे माणूस भेटेल तिथे सांगायचे, घुगे-तांबोळीला घरात घेऊ नका. आम्हाला ते दुसऱ्यांकडून कळायचं. इरफाननं पाटी उतरवली नाही, पण पुष्कळ दिवस माझ्याबरोबर चहा प्यायला नाही.

एकदाच ते दुकानात आले होते. त्याच थंडीत, नवा गिझर लावल्यानंतर थोड्याच दिवसांत. भर दुपारी, रस्ता वाहता असताना. पांढरा सदरा, टोपी. दारात उभे राहून म्हणाले, "माझा गिझर कुठंय?"

"आण्णा, तो भंगारात—" मी सुरुवात केली.

"इथंच आहे," इरफान म्हणाला. त्यानं तो मुद्दाम ठेवला होता. कोणी कोर्टात खेचलं तर दाखवायला. बाकाखालून त्यानं तो ओढून काढला, वरचं गोणपाट बाजूला केलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मी त्याला खूण केली. त्यानं बघितली नाही.

आण्णा गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसले. बराच वेळ बघत होते. मग बोट घातलं पट्ट्यांमध्ये, बाहेर काढलं. काजळी अंगठ्यावर चोळली. सवयीनं नाकाजवळ नेली. त्यांनी कॉइलवरून हात फिरवला, वरून खाली, कडेकडेनं. त्या हाताला काय कळत होतं ते मला कळत होतं. तांबं सगळीकडून अखंड होतं. ना चीर, ना ओरखडा.

"कुठं फुटलाय?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

इरफाननं तोंड उघडलं. मी मध्येच वाकलो आणि कॉइलवर कुठेतरी बोट ठेवलं.

"इथं, आण्णा."

त्यांनी त्या जागेकडे पाहिलं. डोळे बारीक करून, मान तिरकी करून, एखादं इंजिन बघावं तसं पाहिलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, दुकानाच्या काचा थरथरल्या.

"हो," ते म्हणाले. "फुटलाय. चांगलाच फुटलाय."

"पान्हा बसला, आण्णा."

"दिसतंय."

गोणपाट त्यांनी स्वतः ओढून घेतलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. उठायला त्यांना जमेना, तेव्हा मी हात दिला. तो त्यांनी घेतला, उभे राहिले आणि झटकून टाकला. दुकानाची पायरी उतरले. समोरच्या पानटपरीवर चार माणसं होती, त्यांच्याकडे तोंड करून त्यांनी आवाज चढवला.

"बघून आलो! तोंडावर कबूल करतो, लाज नाही! धडधडीत चांगली वस्तू मोडली माझी!"

माणसं आमच्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली. आण्णा बोलत बोलत रस्त्यानं पुढे निघाले, थांबले, वळून परत ओरडले, परत चालू लागले.

इरफाननं गोणपाट काढलं. घण घेतला. मी जिथं बोट ठेवलं होतं तिथं नेम धरून त्यानं एकच घाव घातला. तांबं दुभंगलं, आत साचलेलं पाणी फरशीवर सांडलं.

"आता भंगारात दे," तो म्हणाला आणि हात धुवायला मागे गेला.